गॅम्बिट लावला की इंजिन नेमकं काय बघतं? आकडा कसा वाचायचा?

गोदाकाठ (नांदेड)

आपल्या भागात, नांदेड म्हणा की परभणी-लातूर म्हणा, बुद्धिबळाच्या शालेय आणि रॅपिड स्पर्धांत पोरं गॅम्बिट, म्हणजे प्यादं किंवा मोहरा देऊन वेळ मिळवणारी सुरुवात, जोरात खेळतात. डाव संपला की फोनवर इंजिन, म्हणजे चाली तपासून स्थितीला आकडा देणारा प्रोग्राम, लावतात, आणि घोळ इथंच सुरू होतो. किंग्ज गॅम्बिटमध्ये दुसऱ्याच चालीला आकडा काळ्याकडे झुकलेला दिसतो, म्हणून ते ओपनिंगच सोडून देतात. स्टॅफर्ड गॅम्बिट तर इंजिनच्या हिशेबात जवळपास हरलेला, तरी दहा मिनिटांच्या डावात त्यात रोज कुणीतरी मात खातंच. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. मग शिकवणाऱ्याने आणि खेळणाऱ्याने तो आकडा वाचायचा कसा? इंजिन प्याद्याच्या बदल्यात मिळालेला वेळ कसा मोजतं, किती खोलीवर (किती चाली पुढपर्यंत बघितल्यावर) विश्वास ठेवायचा, आणि फोनवरचं विश्लेषण कितपत खरं, यावर जाणकारांनी सविस्तर लिहावं.

नोंदीसाठी या धाग्यात एकच पद्धत ठेवू या: रा, व, ह, उं, घो ही मोहऱ्यांची अक्षरं, प्याद्याला अक्षर नाही, × म्हणजे मारणे, + म्हणजे शह, # म्हणजे मात, ०-० म्हणजे किल्लेकोट, ! चांगली चाल, ? चूक, ?? घोडचूक. आकड्यापुढे तीन टिंबं म्हणजे काळ्याची चाल. उभ्या रांगा ए ते एच.

---

अर्धचाल (छत्रपती संभाजीनगर)

गोदाकाठ सर, सुरुवात यंत्राच्या आतून करतो. आकडा कुठून येतो ते कळलं की तो कुठं फसतो तेही कळतं.

इंजिनचे दोन भाग. एक शोध घेणारा: मी ही चाल केली, त्याने ती केली, अशी झाडाची फांदी वाढवत नेणारा. दुसरा फांदीच्या टोकाला जाऊन त्या स्थितीला आकडा देणारा. जुन्या बुद्धिबळ संगणकांत हा दुसरा भाग म्हणजे मुख्यतः मोहऱ्यांची बेरीज असायची. प्यादं १, घोडा-उंट ३ च्या आसपास, हत्ती ५, वजीर ९, आणि वर राजाची सुरक्षितता, मोहऱ्यांची हालचाल यांचे थोडे गुण. त्यामुळे जुनी यंत्रं प्याद्याला हावरी. गॅम्बिट दिला की खायचीच, आणि त्रास तेव्हाच दिसायचा जेव्हा तो शोधाच्या खोलीत यायचा.

फांदी कुठंतरी तोडावी लागते. मारामारी चालू असताना मध्येच तोडली तर आकडा खोटा येतो. म्हणून टोकाला एक छोटा जादा शोध असतो, ज्यात मुख्यतः माराच्या चाली बघतात आणि स्थिती शांत झाली की आकडा देतात. गॅम्बिटमध्ये अडचण ही की निर्णायक चाल पुष्कळदा मार नसते. ती साधा शह असते, नाहीतर धमकी देणारी शांत चाल.

सगळ्यात स्वच्छ उदाहरण डॅनिश गॅम्बिटचं. पट मांडून बघा:

१.ई४ ई५ २.डी४ ई×डी४ ३.सी३ डी×सी३ ४.उं-सी४ सी×बी२ ५.उं×बी२ डी५! ६.उं×डी५ घो-एफ६ ७.उं×एफ७+ रा×एफ७ ८.व×डी८

इथं थांबून मोजा. पांढऱ्याने वजीर आणि तीन प्यादी मारली, काळ्याने उंट आणि तीन प्यादी. म्हणजे काळा सहा गुणांनी मागे. डी८ वरच्या वजिराला मारायला कुणी नाही, कारण एच८ च्या हत्तीच्या वाटेत एफ८ चा स्वतःचाच उंट उभा आहे. फक्त मार बघणारा शोध इथं तोडला तर उत्तर येतं: काळा हरला, ५...डी५ चूक.

आता एकच अर्धचाल (एका बाजूची एक चाल) पुढे जा: ८...उं-बी४+. उंट हलला, शह लागला आणि हत्तीची नजर वजिरावर उघडली. ९.व-डी२ उं×डी२+ १०.घो×डी२. दोन्हीकडे पाच-पाच प्यादी, तीन-तीन हलके मोहरे, दोन-दोन हत्ती. डाव बरोबरीचा, आणि वजिराच्या बाजूला काळ्याची तीनास एक अशी प्याद्यांची आघाडी.

५...डी५ पासून मोजलं तर व×डी८ ही सहावी अर्धचाल आणि उं-बी४+ सातवी. सहावर तोडणारं इंजिन ही बचावाची रीत नाकारेल, सातवर पोचणारं तीच सुचवेल. एका अर्धचालीत निकाल सहा गुणांनी फिरतो. आडोशामागचं न दिसण्याच्या या दोषाला क्षितिज-दोष म्हणतात. आजची इंजिनं शहाच्या फांद्या जास्त खोल नेतात, त्यामुळे हे उदाहरण त्यांना क्षणात सुटतं. पण तोच दोष आता वीस-पंचवीस अर्धचालींच्या पलीकडे जाऊन बसलाय. गेला नाही.

---

काळा_उंट (लातूर)

अर्धचाल यांच्या उदाहरणात बुद्धिबळाच्या बाजूनेही मोठी गोष्ट आहे, ती सुटायला नको. इंजिन गॅम्बिट मोडतं ते प्यादं धरून ठेवून नाही. घेतलेलं योग्य वेळी परत देऊन मोडतं. डॅनिशमधलं ५...डी५ म्हणजे परतफेडच.

इव्हान्स गॅम्बिटमध्ये जगज्जेता लास्करची रीत अशीच: १.ई४ ई५ २.घो-एफ३ घो-सी६ ३.उं-सी४ उं-सी५ ४.बी४ उं×बी४ ५.सी३ उं-ए५ ६.०-० डी६ ७.डी४ उं-बी६! प्यादं हवं तर घे. ८.डी×ई५ डी×ई५ ९.व×डी८+ घो×डी८ १०.घो×ई५. हिशेब समान झाला, वजीर उतरले, हल्ला संपला, आणि पांढऱ्याची ए आणि सी रांगेतली प्यादी एकटी पडली. गॅम्बिट खेळणाऱ्याला हे मुळीच नको असतं. म्हणून ८.डी×ई५ न करता तो प्याद्याने मागे राहूनच खेळतो. इंजिनवर ७...उं-बी६ नंतरच्या पहिल्या तीन ओळी लावून बघा, म्हणजे हा सगळा वाद आकड्यांत दिसेल.

माणसांच्या हातात हाच इव्हान्स काय करतो तेही बघा. १९९५ साली रिगाला कास्पारोव्हने आनंदविरुद्ध तो लावला. आनंदने ५...उं-ई७ घेतलं, ६.डी४ घो-ए५ ७.उं-ई२! ई×डी४ ८.व×डी४, आणि २५ चालींत काळ्याने डाव सोडला. ७.उं-ई२ बघा, हल्ल्याचा उंट मागे घेतलाय. एकामागून एक शह द्यायची घाई नाही. वेळ, जागा आणि मोकळ्या रांगा यांवर खेळ. असली भरपाई जुन्या इंजिनला दिसत नसे.

उलटंही घडलंय. बुद्धिबळपटू डेव्हिड लेव्ही यांनी १९७८ मध्ये चेस ४.७ या प्रोग्रामविरुद्धच्या सामन्यात चौथ्या डावात लॅटव्हियन गॅम्बिट लावला, यंत्राशी मारामारीत भिडायचं म्हणून. प्रोग्रामने आठव्या चालीपर्यंत वजीर उतरवले आणि डाव जिंकला. सामना लेव्हींनीच ३.५–१.५ असा घेतला, पण तो बंदिस्त, संथ खेळून. उघड्या मारामारीत यंत्र तेव्हाही धोकादायकच होतं.

---

पैठणी_प्यादं (जालना)

दोन्ही प्रतिसाद उत्तम. माझा प्रश्न साधा आहे, कारण मुलं तोच विचारतात. स्टॉकफिश हे इंजिन –०.६ म्हणतं (उणे म्हणजे काळा वरचढ) तेव्हा "अर्ध्याहून थोडं जास्त प्यादं कमी" असंच समजायचं ना? गॅम्बिटमध्ये तर एक पूर्ण प्यादं गेलेलं असतं. मग उरलेलं ०.४ म्हणजे विकासाची भरपाई, असं मी सांगते. ते बरोबर आहे का?

---

अर्धचाल

ताई, जुन्या इंजिनसाठी तुमचं म्हणणं जवळपास बरोबर होतं. आता नाही.

स्टॉकफिशमध्ये २०२० च्या १२ व्या आवृत्तीपासून आकडा देणारा भाग न्यूरल नेटवर्क झाला. ही रचना मुळात यू नासू यांनी २०१८ मध्ये शोगी या जपानी बुद्धिबळासाठी केलेली. तिचं वैशिष्ट्य असं की प्रत्येक मोहऱ्याची जागा आपल्या राजाच्या जागेच्या संदर्भात वाचली जाते. म्हणून राजा मध्ये अडकलाय आणि समोरचे उंट-हत्ती मोकळे आहेत, हे तिला फांदी फार न वाढवताही जाणवतं. गॅम्बिटबद्दल इंजिनचं मत सुधारलं त्यात याचा वाटा मोठा.

दुसरं, २०२२ च्या शेवटी आलेल्या १५.१ आवृत्तीपासून आकड्याची पट्टीच बदलली. आता +१.०० म्हणजे एक प्यादं नव्हे. त्याचा अर्थ, दोन्हीकडून इंजिनच खेळत असेल तर त्या बाजूची जिंकण्याची शक्यता निम्मी. म्हणून –०.६ मधून प्याद्याची वजाबाकी करता येत नाही. जुन्या पुस्तकातला किंवा जुन्या व्हिडिओतला आकडा आजच्या आकड्याशेजारी ठेवू नये, तेही याच कारणाने.

पर्यायांत जय-बरोबरी-हार दाखवायची सोय असते, ती चालू करा. –०.६ ला बहुतेक वाटा बरोबरीचा दिसेल. म्हणजे किंग्ज गॅम्बिट (१.ई४ ई५ २.एफ४) "हरलेला" नाही. अचूक खेळणाऱ्या यंत्रापुढे तो बरोबरीसाठी झगडायला लावतो, एवढंच. बॉबी फिशर यांनी १९६१ मध्ये ३...डी६ सुचवून हा गॅम्बिट मोडल्याचं लिहिलं. २०१२ मध्ये संगणकाने तो पूर्ण सोडवल्याची बातमी आली, ती १ एप्रिलची थट्टा होती आणि कितीतरी जणांनी खरी मानली. आजही तो सुटलेला नाही.

---

देवगिरी_६४ (छत्रपती संभाजीनगर)

आता कामाचं बोलू. आकडा "दोन्हीकडून इंजिन" या गृहीतावर आहे. परभणीच्या हॉलमध्ये समोर बसलेला पंधराशे रेटिंगचा मुलगा इंजिन नाही. म्हणून गॅम्बिट तपासताना आकड्याइतकंच दुसरं काहीतरी मोजायचं: बचाव करणाऱ्याला किती ठिकाणी एकच चाल तारते.

पद्धत अशी. इंजिनमध्ये मल्टिपीव्ही, म्हणजे एकाच वेळी दिसणाऱ्या ओळी, ४ ठेवा. गॅम्बिट घेतल्यानंतरच्या स्थितीपासून सुरू करा. बचाव करणाऱ्याची पाळी आली की पहिल्या आणि दुसऱ्या ओळीतलं अंतर लिहा. अंतर १.०० पेक्षा जास्त आणि दुसऱ्या ओळीत निकालच बदलत असेल, तर ती "एकमेव चाल". पुढे हल्ला करणाऱ्याची चांगली चाल खेळा, परत बचावाकडे या. बाराव्या-पंधराव्या चालीपर्यंत असं जा. एक वही घ्या आणि तीन रकाने पाडा: चाल क्रमांक, अंतर, आणि ती एकमेव चाल नैसर्गिक आहे की नाही.

तिसरा रकाना सगळ्यात मोलाचा. एकमेव चाल म्हणजे सरळ परतमार असेल तर ती कुणालाही सापडते, तिला शून्य गुण. राजा मध्यभागी न्यायचा, विकसित मोहरा मागे घ्यायचा किंवा प्यादं परत द्यायचं, अशा चाली दहा मिनिटांच्या डावात सापडत नाहीत.

फ्राइड लिव्हर नावाचा हल्ला घ्या. १.ई४ ई५ २.घो-एफ३ घो-सी६ ३.उं-सी४ घो-एफ६ ४.घो-जी५ डी५ ५.ई×डी५ घो×डी५ ६.घो×एफ७ रा×एफ७ ७.व-एफ३+. इथं काळ्याला ७...रा-ई६ हीच चाल, डी५ चा घोडा राखायला. ७...रा-जी८ केलं तर ८.उं×डी५+ व×डी५ ९.व×डी५+ उं-ई६ १०.व×ई६#. राजा पटाच्या मध्यात नेणं ही एकमेव आणि अत्यंत अनैसर्गिक चाल. ८.घो-सी३ नंतरही काळ्याला श्वास नाही. वहीत हे ठळक उतरेल.

आणि पाचव्या चालीला मागे जाऊन बघा: इंजिन ५...घो×डी५ पेक्षा ५...घो-ए५ वर ठेवतं. ६.उं-बी५+ सी६ ७.डी×सी६ बी×सी६. म्हणजे काळाच प्यादं देतो, आणि इंजिनला ते पसंत आहे. ज्यांना वाटतं इंजिन गॅम्बिटच्या विरोधात असतं, त्यांनी ही स्थिती मुलांना दाखवावी. रुय लोपेझ ओपनिंगमधल्या मार्शल अटॅकचं तसंच: ८...डी५ करून काळा ई५ चं प्यादं सोडतो, ११...सी६ नंतर इंजिनचा आकडा शून्याजवळ घुटमळतो.

एक राहिलं. वहीचं दुसरं पानही करा, हल्ला करणाऱ्याच्या एकमेव चालींचं. गॅम्बिट देणाऱ्यालाच जास्त ठिकाणी एकच चाल असेल तर तो गॅम्बिट तुमच्या मुलासाठी धोक्याचा, आकडा कितीही छान असो.

---

घोडदौड (बीड)

देवगिरी, वहीची कल्पना पटली. पण स्टॅफर्डला ती लावली तर काय येतं? १.ई४ ई५ २.घो-एफ३ घो-एफ६ ३.घो×ई५ घो-सी६ ४.घो×सी६ डी×सी६. इथं सापळेच सापळे आहेत, म्हणजे तुमच्या मोजणीत तो सगळ्यात चांगला गॅम्बिट ठरायला पाहिजे. तसं असेल तर मोजणीत काहीतरी कच्चं आहे.

---

देवगिरी_६४

रास्त शंका. सापळा आणि एकमेव चाल यांत फरक आहे.

५.डी३ उं-सी५ नंतर बघा. ६.उं-जी५?? ला ६...घो×ई४! ७.उं×डी८ उं×एफ२+ ८.रा-ई२ उं-जी४#. ६.एच३? ला ६...उं×एफ२+! ७.रा×एफ२ घो×ई४+, आणि ८.डी×ई४ केलं की व×डी१. पाचव्या चालीलाच ५.ई५ घो-ई४ ६.डी३?? उं-सी५! ७.डी×ई४ उं×एफ२+ ८.रा-ई२ उं-जी४+ ९.रा×एफ२ व×डी१. तिन्ही सापळे एकाच कारणाने चालतात: काळ्याचं डी प्यादं सी६ वर गेल्यामुळे डी रांग आणि सी८ च्या उंटाची वाट उघडी आहे आणि पांढऱ्याचा एफ२ राजाशिवाय कुणी राखत नाही.

पण ६.उं-ई२ ही साधी, शांत, विकासाची चाल. ती नैसर्गिक आहे, तिला वहीत गुण मिळत नाहीत. ६...एच५ आलं तर ७.सी३ आणि पुढे डी४. किल्लेकोटाची घाई करायची नाही, कारण ०-० नंतर घो-जी४ आणि एच रांग असा हल्ला आयताच मिळतो. हे एकदा कळलं की पांढऱ्याला सलग अवघड चाली शोधाव्या लागत नाहीत, आणि एक प्यादं अधिक मोठा फायदा हातात राहतो. म्हणजे सापळे पुष्कळ, एकमेव अवघड चाली थोड्या. असा गॅम्बिट एका प्रतिस्पर्ध्याविरुद्ध एकदाच चालतो.

एंग्लुंड गॅम्बिट तर याहून वाईट. १.डी४ ई५ २.डी×ई५ घो-सी६ ३.घो-एफ३ व-ई७ ४.उं-एफ४ व-बी४+ ५.उं-डी२ व×बी२, इथं ६.उं-सी३?? उं-बी४! ७.व-डी२ उं×सी३ ८.व×सी३ व-सी१# हा सापळा सगळ्यांना पाठ असतो. ६.घो-सी३ केलं की संपलं. ६...उं-बी४ ७.ह-बी१ व-ए३ ८.ह-बी३ आणि काळ्याचा वजीर पळत सुटतो. एक चाल पाठ केली की बचाव पूर्ण. मुलांना असला गॅम्बिट शिकवू नये, हे माझं स्पष्ट मत. त्या वेळात इव्हान्स शिकवा.

---

पैठणी_प्यादं

मग मूल विचारतं, "इंजिनला पंधराशे रेटिंगवर ठेवून त्याच्याशी सराव करू का?" स्टॉकफिशमध्ये तशी सोय आहेच. चालेल का?

---

लीला_समर्थक (धाराशिव)

ताई, गॅम्बिटच्या सरावाला तो मार्ग बरा नाही. स्टॉकफिशची रेटिंग कमी केली की तो बऱ्याच चाली नीट बघतो आणि मधूनच मुद्दाम कमी दर्जाची चाल निवडतो. माणूस तसा चुकत नाही. माणूस एफ२ चा सापळा बघत नाही, लोभाने प्यादं खातो, आणि राजा मध्ये न्यायला घाबरतो. उतरवलेलं इंजिन हे सगळं बरोबर खेळेल आणि शांत स्थितीत कारण नसताना मोहरा सोडेल. त्यातून तुमच्या गॅम्बिटबद्दल काहीच कळत नाही.

यासाठी माया वापरा. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावरच्या माणसांच्या डावांवर शिकवलेली ही नेटवर्क आहेत, ११०० ते १९०० अशा नऊ पातळ्यांची. ती सर्वोत्तम चाल शोधत नाहीत, त्या पातळीचा माणूस बहुधा काय खेळेल ते सांगतात. लीला चेस झीरो या इंजिनच्या प्रोग्राममध्ये मायाची फाईल लावायची आणि शोध १ नोडवर (एकाच स्थितीवर) बांधायचा. नोड वाढवले की शोध सुरू होतो आणि माणूसपणा जातो. नेमकी हीच चूक जास्त होते. चालींची तपशीलवार आकडेवारी दाखवायचा पर्याय चालू केला तर प्रत्येक चालीपुढे टक्केवारी येते. देवगिरींच्या वहीत चौथा रकाना करा: एकमेव चालीला मायाच्या १५०० पातळीवर किती टक्के. तिसऱ्या रकान्यातलं "नैसर्गिक की नाही" हे मग अंदाजावर राहत नाही.

लीलाबद्दलही थोडं, कारण ती स्टॉकफिशपेक्षा वेगळी चुकते. ती सेकंदाला कितीतरी कमी स्थिती बघते. तिचा पूर्वज अल्फाझीरो २०१७ च्या प्रयोगात सेकंदाला ८० हजार स्थिती बघत होता, समोरचा स्टॉकफिश ७ कोटी. नेटवर्क आधी प्रत्येक चालीला शक्यता देतं आणि शोध जास्त शक्यतेच्या फांद्यांत वेळ घालतो. दीर्घकाळच्या भरपाईची, प्याद्याच्या बदल्यात जागा आणि मोकळ्या रांगांची जाण तिला चांगली. पण बलिदानाची चाल नेटवर्कला विचित्र वाटली तर शोध त्या चालीकडे कमी वळतो, आणि पाच-सहा एकमेव चालींच्या अरुंद वाटेचं टोक तिला उशिरा दिसतं. डॅनिश, मुझिओ, कोक्रेन यांसारख्या मारामारीच्या गॅम्बिटांत स्टॉकफिश आधी विचारा. बेंको किंवा मार्शलसारख्या संथ भरपाईत लीलाचंही मत घ्या. दोघांचं मत जुळलं नाही, तर ती स्थिती तासभर द्यायच्या लायकीची आहे असं समजा.

---

काळा_उंट

बेंकोचं नाव निघालं म्हणून. १.डी४ घो-एफ६ २.सी४ सी५ ३.डी५ बी५ ४.सी×बी५ ए६ ५.बी×ए६. इथं आकडा आजही पांढऱ्याकडेच झुकतो, पण काळ्याची भरपाई मारामारीची नाही. ए आणि बी रांगांवर हत्ती, जी७ चा उंट, आणि वजीर उतरले तरी दाब कायम. मल्टिपीव्ही लावून बघितलं तर अंतरं लहान दिसतील, एकमेव चाली नसतील. म्हणजे वहीची मोजणी इथं लागू पडत नाही, हे देवगिरींच्या पद्धतीत लिहून ठेवावं. बेंकोत बघायचं ते हे: पांढऱ्याच्या वाजवी वाटणाऱ्या चाली केल्या तर दहा चालींनंतर आकडा कुठं जातो.

---

हिशोबी_हत्ती (परभणी)

सगळी चर्चा खोलीवर टेकलेली आहे आणि मुलांकडे असतो फोन, म्हणून साधनांबद्दल लिहितो.

फोनवर ड्रॉइडफिश किंवा लिचेस, दोन्हीत स्टॉकफिशच आहे. लिचेसवर तिसऱ्या-चौथ्या चालीला खोली ४०-५० दिसते ती तुमच्या फोनची नव्हे, आधी साठवलेलं क्लाउडचं विश्लेषण असतं. नवव्या चालीला तुम्ही वेगळं वळण घेतलं की फोन स्वतः गणित करू लागतो आणि खोली एकदम विशीत येते. गॅम्बिटमध्ये नेमका तिथंच निकाल असतो. म्हणून आकड्याशेजारी "क्लाउड" लिहिलंय का, ते आधी बघा.

खोली ३० म्हणजे सगळ्या चाली ३० अर्धचालींपर्यंत बघितल्या, असंही नाही. चालींच्या क्रमवारीत मागे असलेल्यांना इंजिन कमी खोली देतं, आणि तोट्याचा दिसणारा मार, म्हणजे बलिदान, बहुतेक मागेच असतं. पहिल्या कमी शोधात ते चमकलं तरच पूर्ण खोली मिळते. उपाय सोपा: संशय असलेली बलिदानाची चाल स्वतः पटावर खेळा, दोन-तीन चाली पुढे जा, इंजिनला दोन-तीन मिनिटं द्या, मग एकेक चाल मागे या. आधीचे निकाल हॅश-मेमरीत असतात, त्यामुळे मागच्या स्थितीचा आकडा सुधारतो. मध्ये इंजिन बंद करून चालू केलं किंवा हॅश पुसलं तर ही मेहनत वाया जाते.

हॅश किती? फोनवर १२८ ते २५६ एमबी, ८ जीबीच्या लॅपटॉपवर २०४८ एमबी पुरे. हॅशफुल, म्हणजे हॅश किती भरलं हा आकडा, हजारपैकी असतो. तो १००० ला टेकला की जुने निकाल पुसले जातायत, हॅश वाढवा. मल्टिपीव्ही ४ केल्यावर त्याच वेळात खोली कमी मिळते. म्हणून आधी ४ ओळींवर वही भरा, मग वादाच्या स्थितीपुरतं १ ओळीवर परत तपासा.

आणि उन्हाळा. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा ४२ च्या पुढे असतो. आठही थ्रेड (प्रोसेसरच्या समांतर वाटा) लावून फोन पाच मिनिटं चालवला की तो तापतो आणि स्वतःचा वेग स्वतःच उतरवतो. सेकंदाला किती नोड्स हा आकडा सुरुवातीला आणि पाच मिनिटांनी बघा. निम्म्यावर आला असेल तर कव्हर काढा, २-३ थ्रेडच ठेवा, चार्जिंगला लावून चालवू नका, आणि जमलं तर हे काम सकाळी सहा-सातला करा. लॅपटॉप बॅटरीवर असला की वेग कमी असतो. लाइट गेली आणि इन्व्हर्टर नसेल तर तेवढ्या वेळातले आकडे वहीत लिहू नका.

---

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. सुरुवात किंग्ज गॅम्बिटपासून झाली होती, तर तिथंच या पद्धतीने काय दिसतं ते कुणी सांगेल का?

---

देवगिरी_६४

२...ई×एफ४ ३.घो-एफ३ या स्थितीत ४ ओळी लावा. जी५, डी६, डी५, उं-ई७ अशा बऱ्याच चाली काळ्याला चालतात, अंतरं लहान. म्हणजे इथं काळ्यावर भार नाही. –०.६ चा खरा अर्थ हा. भार येतो तो काळ्याने ३...जी५ घेतल्यावर. ४.उं-सी४ जी४ ५.०-० जी×एफ३ ६.व×एफ३ हा मुझिओ: एक पूर्ण घोडा दिलेला, आकडा काळ्याचा, पण ६...व-एफ६ ७.ई५ व×ई५ ८.डी३ उं-एच६ ९.घो-सी३ घो-ई७ ही जुनी वाट धरली तरी काळ्याचा वजीर आणि राजा एकाच उघड्या ई रांगेत. सहाव्या ते बाराव्या चालीपर्यंत वही भरा, चौथ्या रकान्यात मायाची टक्केवारी टाका, आणि ४.एच४ जी४ ५.घो-ई५ या किझेरिट्स्कीचीही तशीच वही करून शेजारी ठेवा. मुझिओत पांढऱ्याच्या पानावरही एकमेव चाली बऱ्याच निघतील, कारण हल्ला थांबला की हातात घोडा कमी असतो. बारा वर्षांखालच्या मुलाला मी किझेरिट्स्की देईन.

---

घोडदौड

रविवारी मुझिओच्या दोन्ही पानांची वही भरून इथं टाकतो. खोली प्रत्येक स्थितीला ३०, हॅश २०४८, आणि लॅपटॉप चार्जरला लावलेला.